कादंबरीकारास युद्ध आधीं दिसतें काय ?

अलीकडे आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांच्या हातीं एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्या वारंवार दिसूं लागल्या आहेत. पाणबुड्या, क्षेपणास्त्रें, मनुष्यावांचून उडणारीं विमानें, दूर देशीं बसून परक्यांचीं वीजघरें बंद पाडणारे संगणकपटु, आणि या सर्वांच्या योगानें दोन बलाढ्य राष्ट्रांत पेटलेलें युद्ध, असा त्यांचा विषय असतो. इंग्रजींत या प्रकारास ‘टेक्नो-थ्रिलर’ असें नांव आहे. आपण सोयीसाठीं त्यांस यंत्रयुद्धाच्या कादंबऱ्या म्हणूं. कांहीं पालकांची तक्रार अशी कीं, परीक्षेच्या दिवसांत हीं जाडजूड पुस्तकें म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. मुलांचें त्यावरील उत्तर ठरलेलें असतें : या लेखकांनीं लिहिलेलें पुढें खरें ठरतें, तेव्हां हें वाचन म्हणजे एक प्रकारें राजकारणाचा अभ्यासच होय. तक्रार आणि उत्तर हीं दोन्हीं आमच्या कानांवर इतक्या वेळां आलीं आहेत कीं, या प्रश्नाचा एकदां नीट विचार करावा असें आम्हांस वाटलें.

मुलांचा पक्ष अगदींच पोकळ नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें १९१४ सालीं ‘दि वर्ल्ड सेट फ्री’ नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. अणूच्या पोटांतील शक्ति मोकळी करून तिचे बाँब शहरांवर टाकले जातात, अशी कल्पना तींत होती. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञानें १९३२ सालीं ती वाचली. दुसऱ्याच वर्षीं लंडनमध्यें रस्ता ओलांडतांना अणूंच्या शृंखला-प्रक्रियेची कल्पना त्याच्या मनांत चमकली, आणि १९३४ सालीं त्यानें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें हें पेटंट जगापुढें उघड होऊं नये म्हणून त्यानें तें ब्रिटिश नौदलखात्याच्या स्वाधीन केलें. या ज्ञानाचा परिणाम काय होईल हें आपणांस ठाऊक होतें, कारण आपण वेल्स वाचला होता, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे.

शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याचीहि गोष्ट अशीच आहे. जुलै १९१४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकांत त्यानें एक कथा लिहिली. एक लहानसें राष्ट्र थोड्याशा पाणबुड्यांच्या बळावर इंग्लंडकडे धान्य आणणारीं जहाजें बुडवितें आणि त्या समुद्रसम्राज्ञीस उपासमारीच्या दारीं आणून सोडतें, असें तिचें कथानक. नौदलांतील जाणत्या लोकांचीं मतें मासिकानें मागविलीं होतीं. कांहींनीं ही कल्पना असंभाव्य म्हणून उडवून लावली. फेब्रुवारी १९१५ मध्यें जर्मनीनें इंग्लंडभोंवतीं पाणबुड्यांचा वेढा जाहीर केला. अगदीं आपल्या काळांतील उदाहरण हवें असल्यास टॉम क्लॅन्सी या अमेरिकन लेखकाचें घ्या. त्याच्या १९९४ सालच्या ‘डेट ऑफ ऑनर’ या कादंबरीच्या शेवटीं एक वैमानिक प्रवासी विमान घेऊन अमेरिकेच्या संसदभवनावर आदळतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर जी चौकशी झाली, तींत दहशतवादविरोधी कामाच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानें अशी साक्ष दिली कीं, विमानाचें असें शस्त्र होऊं शकेल हें आपल्या ध्यानीं आलें तें हेरखात्याच्या इशाऱ्यांपेक्षां क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांमुळें अधिक. फ्रान्सच्या संरक्षण खात्यानें तर २०१९ सालीं भावी युद्धांच्या कल्पना लढविण्यासाठीं कादंबरीकारांचें एक पथकच उभारण्याचें ठरविलें.

येथपर्यंत मुलांची सरशी झाली. आतां याच उदाहरणांकडे जरा बारकाईनें पाहूं.

क्लॅन्सीचा तो वैमानिक जपानी आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेस जपानच्या व्यापाराची मोठी धास्ती वाटत होती, म्हणून कादंबरीकारानें त्या दोन देशांत सरळ युद्ध लावून दिलें. तें युद्ध झालें नाहीं. २००१ सालीं ज्यांनीं घात केला त्यांचा जपानशीं सुतराम संबंध नव्हता. सर जॉन हॅकेट या ब्रिटिश सेनापतीनें १९७८ सालीं तिसऱ्या महायुद्धाचा कल्पित इतिहास लिहिला आणि त्याची तिथिहि नेमून दिली : ऑगस्ट १९८५. तो महिना आला आणि गेला. १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्यच विसर्जित झालें, आणि समोरासमोर उभ्या ठाकलेल्या त्या दोन अवाढव्य सैन्यांची युरोपांतील रणभूमीवर गांठ पडलीच नाहीं. वेल्सच्या कादंबरींतील महायुद्ध १९५६ सालीं होतें. त्यांतला अणुबाँब विमानांतील मनुष्य हातांनीं उचलून खालीं टाकतो. आणि त्या संहारानंतर शहाणीं झालेलीं राष्ट्रें एकत्र येऊन सर्व जगाचें एक राज्य स्थापन करतात. या शेवटच्या भाकितासंबंधानें वाचकांनींच आपल्या मनाशीं विचार करावा.

आमचें मत असें बनलें आहे कीं, कादंबरीकारास हत्यार आधीं दिसतें; तें उचलणारा हात सहसा दिसत नाहीं. यांत आश्चर्य नाहीं. यंत्राचे नियम असतात. त्याचें वजन, वेग आणि पल्ला ज्यास कळला, त्यास तें उद्यां काय करील याचा हिशेब मांडतां येतो. भांडणाचें तसें नसतें. तें मानापमानांतून, भुकेंतून, शेजाऱ्याविषयींच्या जुन्या संशयांतून, कधीं एखाद्या मंत्र्याच्या हेक्यांतून जन्मास येतें. मे २०२५ मध्यें भारत आणि पाकिस्तान यांच्यांत चार दिवसांचा जो संघर्ष झाला, त्यांत दोन्हीं बाजूंनीं मनुष्यरहित विमानांचा मोठा वापर केला. अशीं विमानें कादंबऱ्यांतून आमच्या मुलांच्या चांगलीं परिचयाचीं होतीं. परंतु त्या संघर्षाची ठिणगी २२ एप्रिलला पहलगामच्या कुरणावर पडेल, तेथें सहलीस गेलेलीं निरपराध माणसें मारलीं जातील, हें कोणत्या कादंबरींत लिहिलें होतें ?

या नियमास अपवाद म्हणून एकच पुस्तक आम्हांस दाखवितां येईल, आणि त्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. हेक्टर बायवॉटर हा इंग्रज वृत्तपत्रकार. नौदल हा त्याचा जन्माचा अभ्यास. १९२५ सालीं त्यानें ‘दि ग्रेट पॅसिफिक वॉर’ ही कादंबरी लिहिली. जपान युद्ध पुकारण्यापूर्वींच अकस्मात् घाला घालतो, फिलिपाइन्स आणि ग्वाम घेतो, आणि मग अमेरिका एकामागून एक बेटें जिंकीत जपानकडे सरकते, हा तिचा सांगाडा. ७ डिसेंबर १९४१ पासून पुढें जें घडलें त्याच्याशीं तो थक्क व्हावें इतका जुळतो. हें त्यास साधलें कसें ? आम्हांस वाटतें, तो कल्पनेपेक्षां गणितावर अधिक विसंबला. एक आरमार किती तेल जाळतें, तेल संपण्यापूर्वीं किती मैल जातें, वाटेंत थांबावयास बंदर कोठें आहे, बेट हातीं नसेल तर पुढचें पाऊल पडतें काय, असे रुक्ष प्रश्न त्यानें नकाशा पुढें ठेवून सोडविले. जपानची अडचणहि त्यानें ओळखली : लढाई लांबली तर आपण हरणार, हें ज्यास ठाऊक आहे तो पहिला तडाखा चोरून मारणार. तरीहि तो चुकला तो यंत्राच्याच बाबतींत. त्याच्या पुस्तकांत निकाल लावतात त्या मोठ्या तोफांच्या युद्धनौका. प्रत्यक्षांत निकाल लावला विमानवाहू जहाजांनीं. म्हणजे ज्यानें हात ओळखला त्याचें हत्यार चुकलें ! तो स्वतः १९४० सालींच वारल्यामुळें हें पाहण्यास राहिला नाहीं.

पालकांनीं ज्या गोष्टीची खरी काळजी करावी ती वेळेच्या अपव्ययाहून निराळी आहे. १९०६ सालीं विल्यम ल क्यू या लेखकानें ‘डेली मेल’ पत्रांत इंग्लंडवर जर्मनांची स्वारी होते अशी कादंबरी क्रमशः छापली. लेखकानें सेनापतींच्या सल्ल्यानें शत्रूच्या कूचाचा मार्ग आंखला होता. पत्राच्या मालकास तो पसंत पडेना, कारण त्या मार्गावर लहान लहान खेडींच फार, आणि खेड्यांत पत्राचा खप तो किती होणार ? तेव्हां शत्रूचें सैन्य मोठमोठ्या गांवांवरून वळविण्यांत आलें. यांत हसण्यासारखें आहे खरें. परंतु अशा कथांनीं आठ वर्षें जर्मन मनुष्याविषयीं जो संशय पोसला, त्याचीं फळें लंडनमधील गरीब जर्मन पाववाल्यांनीं १९१४-१५ सालीं भोगलीं. त्यांचीं दुकानें जमावानें फोडलीं. त्या पाववाल्यांपैकीं कित्येकांची हयात इंग्लंडांत गेली होती. भाकीत करणारें पुस्तक भीति विकूं लागलें कीं तें पुढच्या युद्धाचें इंधन होतें. आपल्या मुलाच्या हातांतील कादंबरींत एका अख्ख्या राष्ट्राचीं किंवा एका अख्ख्या धर्माचीं माणसें केवळ राक्षस म्हणून रंगविलीं आहेत काय, एवढें तरी पालकांनीं पाहावें. पृष्ठसंख्या मोजूं नये.

आतां परदेश सोडून आमच्या कृष्णाकांठीं येऊं. येथें यंत्रयुद्धाची कादंबरी फारशी कोणी लिहिली नाहीं. पण साहित्य आणि संघर्ष यांचा संबंध कसा असतो, हें पाहावयास सांगलीकरांस विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे १८७२ सालीं सांगलींत जन्मले. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते नेपाळांत गेले आणि तेथें त्यांनीं कौलांचा कारखाना काढला. कौलें हें निमित्त. हेतु शस्त्रें तयार करण्याचा होता. बेत तडीस गेला नाहीं. कोणाहि आधुनिक कादंबरीकारास पुरून उरेल असें हें कथानक खाडिलकरांनीं स्वतः जगून पाहिलें, आणि परत येऊन लिहिलें मात्र महाभारतांतील विराटपर्वावरचें नाटक ! ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत तोफ नाहीं, तारायंत्र नाहीं, आगगाडीहि नाहीं. तथापि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे विटंबिली जाणारी मातृभूमि, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हें पिटांतल्या प्रेक्षकांपासून गव्हर्नरापर्यंत सर्वांस समजलें. १९१० च्या आरंभीं सरकारनें १८७६ च्या कायद्याखालीं नाटकास बंदी केली.

या बंदीच्या आधीं एकच महिना, २१ डिसेंबर १९०९ रोजीं, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यानें गोळ्या झाडल्या होत्या. सरकारास नाटकांची धास्ती वाटावी यांत नवल नव्हतें. पण त्या रात्रीं नाट्यगृहांत कोणतें नाटक चाललें होतें ? गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’. देवलहि आमच्याच भागांतले, सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्या नाटकाचा विषय म्हाताऱ्या नवऱ्यास कोवळी मुलगी देण्याची दुष्ट रूढि ! राजकारणाचा त्यांत गंधहि नाहीं. खाडिलकरांचें नाटक भीषण आणि देवलांचें निरुपद्रवी असा हिशेब मांडणाऱ्यास ही घटना बुचकळ्यांत टाकील. आम्ही तिचा अर्थ असा करतों कीं, संघर्ष प्रेक्षकांच्या मनांत आधींपासूनच होता. खाडिलकरांनीं त्यास जुन्या कथेचें रूप दिलें इतकेंच. भविष्य पाहण्याचा त्यांचा दावा नव्हता. आपल्या भोंवतालच्या माणसांचें मन त्यांनीं अचूक वाचलें. कर्झन साहेबांच्या तोफा मोजीत बसलेल्या कादंबरीकारास तें साधलें नसतें.

हीच गोष्ट सातारच्या प्रतिसरकारची. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं १९४३ पासून पुढें सुमारें तीन वर्षें या जिल्ह्यांतील शेंकडों खेड्यांत इंग्रजांचा अंमल नांवापुरता उरला. गांवोगांवीं न्यायसभा बसल्या, सावकार आणि गुंड यांस शासन झालें, ७ जून १९४३ रोजीं शेणोलीपाशीं पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली गेली. जगांतील सर्वांत मोठ्या साम्राज्याशीं हें चाललें होतें तें बहुधा जुन्यापान्या बंदुका, सायकली आणि पायवाटा यांच्या जोरावर. शस्त्रास्त्रांच्या तुलनेवरून भाकीत करणाऱ्यास असली चळवळ आधीं दिसणें अशक्यच होतें.

परंतु भविष्य अचूक दिसल्याचें एक उदाहरण आमच्या शेजारींच आहे, आणि तें कादंबरीचें नसूनहि या विषयांत त्यास पहिलें स्थान दिलें पाहिजे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूर संस्थानांतील वडगांवचे. ब्रह्मदेशांतील पराक्रमाबद्दल त्यांस दुसऱ्या महायुद्धांत मोठा सन्मान मिळालेला. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनापति होते. ईशान्य सीमेवर चीन कोठून येईल, कोणत्या टप्प्यांनीं येईल, आणि त्यास थोपविण्यास आपल्यापाशीं काय आहे, याचें टिपण त्यांनीं १९५९ च्या ऑक्टोबरांत तयार केलें. तें सरसेनापति थिमय्या यांच्यामार्फत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांजकडे गेलें आणि तेथेंच बाजूस पडलें. थोरातांनीं तरीहि हा विषय सोडला नाहीं. १७ मार्च १९६० रोजीं लखनौ येथें त्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांपुढें ‘लाल किल्ला’ नांवाचा एक युद्धाभ्यास मांडला. युद्धाभ्यास म्हणजे तरी काय ? नकाशावर लिहिलेली एक कादंबरीच. शत्रु अमुक दिवशीं अमुक खिंडींतून उतरतो, आपली तुकडी तमुक ठिकाणीं आहे, रस्ता येथें संपतो, पुढें दारूगोळा माणसांच्या पाठीवरून न्यावा लागतो. आतां पुढें काय घडेल तें सांगा. निष्कर्ष असा निघाला कीं, हाताशीं असलेल्या सैन्यानें ही सीमा राखतां येणार नाहीं. १९६१ सालीं थोरात सेवानिवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें हल्ला केला आणि महिन्याभरांत त्या कागदावरील पुष्कळसें हिमालयांत खरें झालें. त्यानंतर पंडित नेहरूंनीं त्यांस दिल्लीस बोलाविलें आणि हा इशारा आपणांस आधीं कां दाखविला गेला नाहीं, असें त्यांनाच विचारलें; थोरातांनीं हें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे.

हा प्रसंग आम्ही मुलांस अनेक वेळां सांगतों, आणि तो सांगतांना आमच्या मनास खेद झाल्याशिवाय राहत नाहीं. बर्फांत सुती गणवेशानें आणि जुन्या रायफलींनीं लढलेल्या जवानांत सर्व प्रांतांचीं मुलें होतीं. सैनिकांचीं गांवें म्हणून ओळखलीं जाणारीं आपल्या भागांतील कित्येक गांवें त्या महिन्यांत तारवाल्याची वाट पाहण्यास भीत होतीं. मेनन यांच्या जागीं आले ते यशवंतराव चव्हाण; त्यांचें जन्मगांव देवराष्ट्रे हें त्यांच्या जन्माच्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनीं केली. तिचा कांहीं भाग २०१४ सालीं बाहेर फुटला. सरकारनें स्वतः तो अहवाल प्रसिद्ध केलेला नाहीं.

तेव्हां ‘पुढचें युद्ध आधीं दिसतें काय ?’ या प्रश्नास ‘कधीं कधीं दिसतें’ असें उत्तर द्यावें लागतें. पण ज्यास तें दिसतें त्याचें ऐकतो कोण, हा आम्हांस अधिक मोठा प्रश्न वाटतो. या एका बाबतींत कादंबरीकार सेनापतीपेक्षां भाग्यवान आहे. सेनापतीचें टिपण मंत्र्याच्या खणांत पडून राहतें. कादंबरी आगगाडींत विकली जाते. भूतपूर्व सरसेनापति सुंदरजी यांनीं हें बहुधा ओळखलें असावें. भारत-पाकिस्तान यांच्यांत अणुयुद्ध पेटलें तर आपले राज्यकर्ते कसे गोंधळतील, हें सांगण्यासाठीं त्यांनीं १९९३ सालीं ‘ब्लाइंड मेन ऑफ हिंदुस्तान’ हें पुस्तक कादंबरीच्या रूपानें लिहिलें. पांच वर्षांनीं, मे १९९८ मध्यें, दोन्ही देशांनीं अणुस्फोट केले. कादंबरी म्हणून तें पुस्तक कांहींसें रुक्ष आहे असें आम्हांस वाटतें. पात्रें माणसांसारखीं बोलण्यापेक्षां व्याख्यानेंच देतात. पण त्यांतला प्रश्न खरा आहे.

यास्तव पालकांस आमची विनंति अशी कीं, हीं पुस्तकें मुलांच्या हातून काढून घेऊं नयेत. मुलांनीं मात्र एक पथ्य पाळावें. पुस्तक मिटल्यावर शत्रूचें विमान किती वेगानें उडालें हें सांगण्याआधीं, तें युद्ध कां लागलें आणि कोणत्या क्षणीं टळूं शकलें असतें, हें चार ओळींत लिहून काढावें. ज्या कादंबरीविषयीं त्या चार ओळी लिहितां येत नाहींत, तीसंबंधीं तिनें भविष्य सांगितलें असें कृपा करून म्हणूं नये.

येत्या वर्षीं आमच्या वक्तृत्वसभेंत ‘युद्ध चांगलें कीं वाईट’ हा नेहमींचा झिजलेला विषय बाजूस ठेवावा आणि त्या जागीं ‘लाल किल्ला’ मांडावा, अशी आमची सूचना आहे. भूगोलाच्या वर्गांतील ईशान्य सीमेचा मोठा नकाशा भिंतीवर लावावा. एकानें थोरात व्हावें, एकानें थिमय्या, दोघातिघांनीं आघाडीवरील तुकड्यांचे नायक. मंत्र्याची भूमिका वर्गांतील सर्वांत हुशार मुलास द्यावी, आणि इशारा आपण कां मानीत नाहीं याचें उत्तर त्यानें लेखी आणावें.